सही एकाची, मोडता दुसऱ्याचा : श्रीलंकेतील समझोत्यांचा हिशेब

श्रीलंकेतील सिंहली-तमिळ संघर्षावर बोलणी करून तोडगा काढण्याचे किमान सहा प्रयत्न १९५७ ते २००५ या काळात कागदावर उतरले. १९५७ चा बंडारनायके-चेल्वनायकम करार, १९६५ चा सेनानायके-चेल्वनायकम करार, १९८७ चा भारत-श्रीलंका करार, २००० चा राज्यघटनेचा मसुदा, २००२ ची युद्धबंदी आणि त्सुनामीनंतर २००५ साली झालेला मदतवाटपाचा करार. यांतला १९८७ चा करार अर्धामुर्धा टिकला, बाकीचे बारगळले. या अपयशातून दोन निष्कर्ष सहसा काढले जातात. तमिळांची मागणीच पुरी न होणारी होती, हा एक. सिंहली बहुसंख्याकांना मुळात काही द्यायचेच नव्हते, हा दुसरा. दोन्ही सोयीचे आहेत आणि दोन्ही अपुरे. कोण केव्हा उलटले याचा क्रम लावला की वेगळी गोष्ट समोर येते. करार मोडायला सुरुवात बहुतेक वेळा सही न करणाऱ्याने केली आहे. कोलंबोत सत्तेवर असलेल्याने सही केली, विरोधी बाकांवरच्याने रान उठवले, आणि काही वर्षांनी जागा बदलल्या तशा भूमिकाही बदलल्या. तमिळ बाजूलाही बोलणी करणाऱ्याला गद्दार ठरवणारे होतेच. पुढे त्यांच्या हाती बंदुका आल्या. वांशिक संघर्षात वाटाघाटींचा तोडगा हवा असे म्हणणाऱ्यांनी टेबलाभोवती कोण बसले आहे यापेक्षा टेबलापासून कोणाला दूर ठेवले आहे याची चौकशी आधी करावी, हे श्रीलंकेचा इतिहास सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बेटावर सिंहली भाषक सुमारे तीन-चतुर्थांश, बहुसंख्य बौद्ध. उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तमिळ. मध्य डोंगराळ भागातल्या चहामळ्यांवर ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतून नेलेल्या मजुरांचे वंशज. आणि बहुतांशी तमिळ बोलणारे पण स्वतःला वेगळा समाज मानणारे मुसलमान. १९४८ साली स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरचे बहुसंख्य तमिळ एका फटक्यात कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. या निर्णयाला विरोध म्हणून एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी १९४९ साली फेडरल पक्ष काढला. पक्षाची मागणी संघराज्याची होती, वेगळ्या देशाची नव्हती. हा फरक पुढे सिंहली राजकारणाने पद्धतशीरपणे पुसला.

१९५६ साली एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके चोवीस तासांत सिंहली राजभाषा करण्याचे आश्वासन देऊन निवडून आले आणि त्यांनी ते पाळले. इंग्रजी शाळांत शिकून सरकारी नोकरीत मोठ्या प्रमाणावर शिरलेल्या उत्तरेतल्या जाफनाच्या तमिळांना हा थेट पोटावरचा घाव होता. त्याच १९५६ साली भारतात भाषावार प्रांतरचना अमलात आली. त्या रचनेत मराठी भाषकांना मुंबईसह वेगळे राज्य मिळाले नाही, चळवळ झाली, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, आणि १९६० साली केंद्राला माघार घ्यावी लागली. भाषेचे राज्य दिल्याने देश फुटेल ही भीती तेव्हा दिल्लीतही होती. पण राज्य मिळाल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले लोक विधानसभेत जाऊन बसले. तामिळनाडूचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. स्वतंत्र द्रविडनाडू मागणाऱ्या द्रमुकने १९६३ साली ती मागणी सोडली आणि १९६७ साली तो पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला. पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की त्याच भाषेच्या, काहीशा तशाच मागणीच्या फेडरल पक्षाला चेल्वनायकम यांच्या हयातीत एक प्रांतही चालवायला मिळाला नाही.

बंडारनायके कट्टर नव्हते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले आणि १९२६ साली स्वतःच सिलोनसाठी संघराज्याची कल्पना मांडलेले ते गृहस्थ होते. सिंहली भाषेच्या लाटेवर ते चढले, पण ती कुठे नेणार याचा अंदाज त्यांना लवकर आला. २६ जुलै १९५७ रोजी त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. सिंहली राजभाषा राहील, पण उत्तर आणि पूर्व प्रांतांत प्रशासन तमिळमध्ये चालेल. प्रादेशिक परिषदा नेमून त्यांना शेती, शिक्षण, सहकार, जमिनीची वाटणी असे विषय दिले जातील. सरकारी वसाहत योजनांत कोणाला जमीन द्यायची हे परिषदा ठरवतील. संघराज्य नाही, समान राजभाषा नाही. चेल्वनायकम यांनी आपल्या मुख्य मागण्या बाजूला ठेवून मिळेल ते पदरात पाडून घेतले होते. आज तो मसुदा वाचताना तो किती किरकोळ होता हेच जाणवते.

विरोधी बाकांवर तेव्हा युनायटेड नॅशनल पार्टी, म्हणजे यूएनपी, होती आणि निवडणुकीत तिची धूळधाण उडाली होती. तिचे नेते जे. आर. जयवर्धने यांनी कराराविरुद्ध ऑक्टोबरमध्ये कोलंबोहून कॅंडीच्या दंतमंदिराकडे पदयात्रा काढली. बंडारनायके यांच्याच पक्षाच्या एका खासदाराने समर्थकांना घेऊन इंबुलगोडा येथे रस्त्यातच ठाण मांडले आणि यात्रा तिथे अडली. यात्रा थांबली तरी यूएनपीला हवे ते मिळाले होते. करार म्हणजे देश विकणे, हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले.

पुढचे काही महिने एका अक्षरावरून धुमसत राहिले. १९५८ च्या सुरुवातीला वाहनांच्या नंबर प्लेटवर इंग्रजीऐवजी सिंहली ‘श्री’ आले. नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या बस त्या पाट्या लावून जाफनात शिरल्या. फेडरल पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या जागी तमिळ ‘श्री’ रंगवायला सुरुवात केली. उत्तरादाखल दक्षिणेत तमिळ दुकानांच्या पाट्यांवर डांबर फासले गेले. एप्रिलमध्ये शे-दोनशे बौद्ध भिक्खू पंतप्रधानांच्या कोलंबोतल्या रोझमीड प्लेसच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर येऊन बसले. करार रद्द करा, ही त्यांची मागणी. बंडारनायके बाहेर आले आणि त्यांनी होकार दिला. भिक्खूंनी तोंडी शब्द मानला नाही. लेखी द्या म्हणाले. त्यांनी लेखी दिले. मे महिन्यात देशभर दंगली उसळल्या, शेकडो माणसे मेली, हजारो तमिळांना बोटींतून जाफनाला हलवावे लागले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५९ मध्ये, त्याच घराच्या व्हरांड्यात एका भिक्खूने बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या. कारणे वेगळी होती आणि सूत्रधाराचे हितसंबंधही वेगळे होते, त्यामुळे त्या खुनाचा कराराशी थेट संबंध जोडणे बरोबर नाही. पण ज्या शक्तींच्या खांद्यावर बसून ते सत्तेत आले, त्यांच्यावर त्यांचा ताबा उरला नव्हता, एवढे दोन्ही प्रसंगांत दिसते.

१९६५ साली सगळे चित्र उलटे झाले. यूएनपीचे डडली सेनानायके यांना सरकार बनवण्यासाठी फेडरल पक्षाचा आधार हवा होता. २४ मार्च १९६५ रोजी त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. या वेळी परिषदा प्रांताऐवजी जिल्ह्याच्या. फेडरल पक्षाच्या वतीने एम. तिरुचेल्वम मंत्री झाले आणि जिल्हा परिषदांचा आराखडा त्यांच्याकडे आला. आता विरोधात होता बंडारनायके यांचा श्रीलंका फ्रीडम पार्टी हा पक्ष, नेतृत्व त्यांच्या पत्नी सिरिमावो यांचे. सोबतीला डावे. डाव्यांच्या मोर्च्यांत ‘डडलीच्या पोटात मसालावडे’ अशी घोषणा चालली. पंतप्रधान तमिळांच्या ताटात जेवतो, एवढाच तिचा अर्थ. याच डाव्यांतले एक मोठे नेते कोल्विन आर. डी सिल्वा यांनी १९५६ च्या भाषा विधेयकाला विरोध करताना बजावले होते, की एकच भाषा लादलीत तर देशाचे दोन होतील. दहा वर्षांत त्यांचा पक्ष दुसऱ्या मोर्च्यात चालू लागला, आणि १९७२ साली तेच डी सिल्वा मंत्री या नात्याने नव्या राज्यघटनेचे शिल्पकार झाले. त्या घटनेत सिंहली राजभाषा कायम राहिली आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले. तोवर डडली सेनानायके यांनी १९६८ साली जिल्हा परिषदांचा प्रस्ताव मागे घेतला होता. या काळातली एक बारीकशी नोंद बाकी सगळ्याहून अधिक सांगून जाते. तमिळच्या मर्यादित वापराचा कायदा १९५८ साली संमत झाला होता. तो अमलात आणणारे नियम १९६६ साली आले.

सिंहली पक्ष असे का वागले याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा मतांच्या गणितात शोधावे. बहुतेक मतदारसंघ सिंहली बहुसंख्य. दोन मोठे पक्ष त्याच मतदारासाठी भांडणारे. अशा ठिकाणी विरोधकाच्या हाती सर्वांत स्वस्त हत्यार असते ते म्हणजे सरकारने परक्यांना जास्त दिले हा आरोप. राज्यशास्त्रात याला वांशिक चढाओढ म्हणतात. ही चढाओढ एकदा सुरू झाली की मवाळ माणसाला शिक्षा होते आणि ती दोन्हीकडे होते. चेल्वनायकम दोनदा रिकाम्या हाताने परतले तेव्हा जाफनाच्या तरुणांनी जो निष्कर्ष काढला तो अतार्किक नव्हता. त्यातच सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे गुण भाषेनुसार वेगळे ठरू लागले, आणि नोकरीचा मार्ग बंद झालेल्या पिढीला शिक्षणाचाही बंद झाला. मे १९७६ मध्ये वड्डुकोड्डाई येथे तमिळ पक्षांनी स्वतंत्र तमिळ ईलमचा ठराव केला. त्याच वर्षी वेलुपिल्लै प्रभाकरनच्या संघटनेने एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ, हे नाव घेतले. १९५७ साली शेती-शिक्षणाच्या परिषदांवर भागले असते. वीस वर्षांनी किंमत वेगळ्या राष्ट्रापर्यंत चढली होती.

१९७७ च्या निवडणुकीत या पक्षांची तमिळ संयुक्त मुक्ती आघाडी संसदेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरली आणि ए. अमिर्तलिंगम विरोधी पक्षनेते झाले. जुलै १९८३ मध्ये जाफनात तेरा सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तमिळांची घरेदारे, दुकाने जाळण्यात आली. मतदारयाद्या हातात घेऊन जमाव फिरत होते. वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत त्रेपन्न तमिळ कैदी मारले गेले. ऑगस्टमध्ये जयवर्धने सरकारने सहावी घटनादुरुस्ती आणली आणि फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली. ती न घेतल्याने आघाडीचे खासदार पदाला मुकले. ज्यांच्याशी बोलायचे, त्यांनाच संसदेबाहेर काढण्याची ही करामत आजवर नीट समजावून देता आलेली नाही. रिकाम्या झालेल्या जागेत बंदूकवाले आले, आणि त्यांना प्रशिक्षण व आसरा देण्यात भारताचाही हात होता.

२९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार मजकुरापुरता पाहिला तर चांगला होता. देश बहुवांशिक आहे ही कबुली, तमिळला राजभाषेचा दर्जा, प्रांतिक परिषदा, उत्तर-पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण. त्यातून आलेली तेरावी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशी निसटती टिकली. पण हा करार दोन सरकारांत झाला. ज्या तमिळांसाठी झाला त्यांची त्यावर सही नव्हती. पंतप्रधान प्रेमदासा यांचा त्याला विरोध होता आणि सहीच्या समारंभाला ते फिरकले नाहीत. सिरिमावोंचा पक्ष विरोधात, जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपी, विरोधात, कोलंबोत संचारबंदी. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने राजीव गांधी यांच्यावर बंदुकीच्या दस्त्याने हल्ला केला. जेव्हीपीने दक्षिणेत सशस्त्र उठाव केला, कराराला पाठिंबा देणारे नट आणि राजकारणी विजय कुमारतुंगा यांना फेब्रुवारी १९८८ मध्ये कोलंबोत गोळ्या घालण्यात आल्या, आणि तो उठाव चिरडताना सरकारने हजारोंनी तरुण मारले. उत्तरेत करारानुसार आलेली भारतीय शांतिसेना एलटीटीईशी लढू लागली. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे त्यांतलेच. नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीसाठी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी शांतिसेना घालवण्यासाठी एलटीटीईलाच शस्त्रे पुरवली. तेही १९९३ साली एलटीटीईच्या आत्मघातकी हल्ल्यात मारले गेले.

इथे वाटाघाटींच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. एलटीटीईशी बोलणे निरर्थक होते, कारण तिला तोडगा नको होता. या म्हणण्यात तथ्य आहे. १९८९ साली तिने अमिर्तलिंगम यांना त्यांच्या कोलंबोतल्या घरात शिरून मारले. ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या सुमारे सत्तर हजार मुसलमानांना घरदार सोडून निघून जायला लावले. जाफना शहरातल्यांना त्यासाठी काही तासच मिळाले. १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली. सिरिमावोंच्याच पक्षाच्या चंद्रिका कुमारतुंगा यांनी सत्तेवर आल्यावर सुरू केलेली बोलणी एप्रिल १९९५ मध्ये त्रिंकोमाली बंदरातल्या दोन नौका बुडवून मोडण्यात आली. त्याच वर्षी चंद्रिकांनी अधिकार-विकेंद्रीकरणाचा प्रस्ताव आणला. त्याचे एक प्रमुख रचनाकार होते घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम, १९६५ साली जिल्हा परिषदा आखणाऱ्या मंत्र्यांचे चिरंजीव. २९ जुलै १९९९ रोजी कोलंबोत त्यांच्या गाडीवर आत्मघातकी हल्लेखोराने झेप घेतली. वडिलांचा आराखडा सिंहली विरोधकांनी मारला, मुलाला तमिळ वाघांनी. या संघर्षाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे.

मात्र हा मुद्दा जितका सिद्ध करतो, त्याहून जास्त त्याच्याकडून सिद्ध करून घेतले जाते. एलटीटीई वाटाघाटींना लायक नव्हती यावरून तमिळांशी वाटाघाटी अशक्य होत्या असे ठरत नाही. १९५७ ते १९८३ ही सव्वीस वर्षे टेबलापलीकडे वकील, खासदार, सत्याग्रही बसले होते. एलटीटीईने मवाळांना निवडून निवडून मारले, कारण समझोता झाला तर आपले काम संपेल हे तिला पुरते ठाऊक होते. समझोत्याची भीती ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्या नावाने समझोताच फेकून देणे म्हणजे त्यांचेच काम सोपे करणे. शिवाय ऑगस्ट २००० मध्ये चंद्रिकांचा घटनेचा मसुदा संसदेत आला तेव्हा त्याच्या प्रती सभागृहात जाळल्या त्या यूएनपीच्या खासदारांनी. तिथे एकही वाघ नव्हता.

दीड वर्षाने यूएनपीचे रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने त्यांनी प्रभाकरनशी युद्धबंदीचा करार केला. थायलंडपासून जपानपर्यंत बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ऑस्लो येथे दोन्ही बाजूंनी एकसंध श्रीलंकेत संघराज्याचा पर्याय तपासण्याचे मान्य केले. एलटीटीईकडून असे वाक्य पूर्वी कधी आले नव्हते. पण राष्ट्राध्यक्षपदी चंद्रिका होत्या, दुसऱ्या पक्षाच्या, आणि या सगळ्यात त्यांना जवळपास बाजूलाच ठेवले होते. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी संरक्षणासह तीन खाती आपल्याकडे घेतली आणि काही महिन्यांत सरकारच गेले. रनिलनी चंद्रिकांना विश्वासात घेतले नाही, चंद्रिकांनी रनिलना सोडले नाही. तीन वर्षांपूर्वी चंद्रिकांचा मसुदा रनिल यांच्या पक्षाने जाळला होता, हे लक्षात ठेवले तर चंद्रिकांचा राग समजतो, कृती समर्थनीय ठरत नाही. एलटीटीईनेही एप्रिल २००३ मध्ये बोलण्यांतून अंग काढून घेतले होते. पुढे तिच्यातच फूट पडली.

मग आली डिसेंबर २००४ ची त्सुनामी. तिच्या लाटांनी दोन युद्धग्रस्त किनारे धुऊन काढले, श्रीलंकेचा आणि इंडोनेशियातील आचेचा. आचेत १९७६ पासून स्वातंत्र्यासाठी सशस्त्र चळवळ चालू होती आणि २००३ पासून लष्करी कायदा, नंतर नागरी आणीबाणी. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत तिथल्या बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडली आणि सरकारने स्वशासन, स्थानिक पक्ष, तेल-वायूच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा दिला. वर्षअखेरीस ठरलेली शस्त्रे जमा झाली. २००६ च्या शेवटी बंडखोरांचेच एक पूर्वीचे नेते गव्हर्नरपदी निवडून आले. श्रीलंकेत याच काळात फक्त मदतवाटपासाठी संयुक्त यंत्रणा उभारण्याचा करार जून २००५ मध्ये झाला. तोवर सरकारात सामील झालेली जेव्हीपी या करारावरून बाहेर पडली, न्यायालयात गेली, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या महत्त्वाच्या कलमांना स्थगिती दिली.

दोन देशांतला फरक त्सुनामीने झालेल्या हानीत शोधू नये. आचेचे बंडखोर लष्करीदृष्ट्या दमले होते आणि एलटीटीई दमली नव्हती, हे एक कारण नक्की. दुसरे फारसे सांगितले जात नाही. इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष युसुफ कल्ला यांनी बोलणी पुढे रेटली आणि त्याच सुमारास, डिसेंबर २००४ मध्ये, ते संसदेतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे, गोलकरचे, अध्यक्ष झाले होते. म्हणजे करार मोडू शकणारा सर्वांत मोठा गट करार करणाऱ्याच्याच मुठीत होता. माजी राष्ट्राध्यक्ष मेगावती यांच्या पक्षाने परदेशी मध्यस्थीवर टीका केली, पण ती टीकाच राहिली. उत्तर आयर्लंडचा अनुभव याच दिशेचा आहे. १९७३ चा सनिंगडेल करार प्रॉटेस्टंट कामगारांच्या संपाने मे १९७४ मध्ये कोसळला. १९९८ च्या करारावर सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी सार्वमत घेतले गेले. उत्तरेत ७१ टक्क्यांनी होकार दिला. करारातून बाहेर राहिलेले प्रॉटेस्टंट नेते इयन पेस्ली २००७ साली कॅथलिकांच्या सिन फेन पक्षाचे मार्टिन मॅकगिनेस यांच्याबरोबर सत्तेत बसले. मधली नऊ वर्षे करार अनेकदा अडखळला, पण जनतेच्या होकारामुळे तो कोणा एका पक्षाचा उरला नव्हता.

श्रीलंकेत नोव्हेंबर २००५ ची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक महिंदा राजपक्षे यांनी सुमारे एक लाख ऐंशी हजार मतांनी जिंकली. एलटीटीईने तमिळांना मतदानापासून रोखले होते. ती मते रनिलना गेली असती तर निकाल फिरला असता. बोलणी नको असलेल्या दोन टोकांनी एकमेकांना न भेटता निवडणूक ठरवली. मे २००९ मध्ये मुल्लैतिवूच्या किनारपट्टीवर युद्ध संपले. शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली म्हटले. सरकारने हा आकडा मानला नाही.

यानंतर वाटाघाटींवरचा दुसरा आक्षेप पुढे आला : जे पन्नास वर्षांच्या बोलण्यांना जमले नाही ते सैन्याने तीन वर्षांत केले. बॉम्बस्फोट थांबले, मुलांना पळवून लढायला लावणे थांबले, जाफनाचा रस्ता खुला झाला, ही फळे खरी आहेत आणि ती तमिळांनाही मिळाली. पण १९५७ च्या करारातले विषय काढून पाहिले तर भाषा कागदावर सुटली आहे, जमीन आणि स्थानिक सत्ता सुटलेली नाही. तेराव्या दुरुस्तीत असलेले पोलीस आणि जमिनीचे अधिकार प्रांतांना प्रत्यक्षात दिले गेले नाहीत. उत्तर-पूर्वेचे एकत्रीकरण २००६ साली जेव्हीपीच्या पुढाकाराने केलेल्या याचिकांवर रद्द झाले होते. उत्तर प्रांताची पहिली निवडणूक २०१३ साली झाली, तमिळ राष्ट्रीय आघाडीने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या. पण पुढे मुदत संपल्यावर देशातल्या सगळ्याच प्रांतिक परिषदा वर्षानुवर्षे लोकनियुक्त सभासदांशिवाय राज्यपालांच्या हाती राहिल्या. किलिनोच्चीत बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन आया २०१७ पासून रस्त्याच्या कडेला बसत आल्या आहेत. विजयी सरकारला संसदेत आव्हान उरले नव्हते, विरोधकाचा मोडता घालण्याची भीती नव्हती. तरीही काही दिले गेले नाही, कारण देण्याची गरजही उरली नव्हती. युद्धाने प्रश्न सुटतो या मताला हा काळ सर्वांत वाईट साक्षीदार आहे.

२०१५ साली दोन्ही मोठ्या पक्षांतले लोक एका सरकारात आले तेव्हा इतिहासात प्रथमच हवी ती मांडणी जुळली होती. फ्रीडम पार्टीचे सिरिसेना राष्ट्राध्यक्ष, यूएनपीचे रनिल पंतप्रधान, संसदेचीच घटनासभा आणि विरोधी पक्षनेतेपदी तमिळ राष्ट्रीय आघाडीचे आर. संपंथन. ती वाया गेली. घटनेचे काम लांबणीवर टाकत नेले, तोवर राजपक्षे यांनी बाहेर नवा पक्ष उभा करून खऱ्या विरोधकाची जागा घेतली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सिरिसेनांनी रनिलना बडतर्फ करून राजपक्षे यांनाच पंतप्रधान नेमले. एकत्र सत्तेत बसणे आणि मजकुरावर एकत्र सही करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली म्हणजे दुसरी जमली, असे तिथल्या शांततावाद्यांनी धरून चालणे ही त्यांची चूक होती.

आणखी एक उणीव जवळजवळ सर्व करारांत आहे. ते दोघांचे आहेत, संघर्ष चौघांचा आहे. पूर्व प्रांतात मुसलमान लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक आहेत. १९९० साली काट्टानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक लोकांना मारण्यात आले, तरी २००२ च्या बोलण्यांत मुसलमानांना स्वतंत्र बाजू म्हणून बसू दिले नाही. मळ्यांवरच्या तमिळांचे काय करायचे हे १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो यांनी त्यांना न विचारता ठरवले : सव्वापाच लाख भारतात, तीन लाख सिलोनमध्ये, दीड लाखांचा निर्णय नंतर. ज्यांना या बोलण्यांत खुर्ची मिळत नाही त्यांच्या हाती फक्त मोडता घालण्याचाच मार्ग उरतो, हे सिंहली विरोधी पक्षाइतकेच मुसलमानांना आणि मळ्यांवरच्या तमिळांनाही लागू पडते.

तोडग्याला पाठिंबा द्यायचा तर या इतिहासातून काही कामाच्या गोष्टी निघतात. मसुदा सहीआधी विरोधी पक्षाच्या हातात पडावा, आणि त्याने सुचवलेले काही बदल घेऊन त्यालाही श्रेय मिळावे. लहान कलमे लगेच अमलात यावीत. भाषेचे नियम आठ वर्षे न रखडता आठ महिन्यांत आले असते तर चेल्वनायकम यांना आपल्या तरुणांपुढे दाखवायला काहीतरी असते. सार्वमत धोक्याचे असते, पण ते जिंकले तर करार एका पक्षाच्या कारकिर्दीपलीकडे जगतो. परदेशी मध्यस्थ पाहणी करू शकतो, हमी देऊ शकतो. देशांतर्गत विरोधकाची समजूत तो काढू शकत नाही, हे भारताला १९८७ साली आणि नॉर्वेला २००३ साली कळले.

२०२४ साली जेव्हीपीच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय जनशक्ती आघाडीने राष्ट्राध्यक्षपद आणि पाठोपाठ संसदेत २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. जाफना जिल्ह्यातही तिने सहापैकी तीन जागा घेतल्या. दक्षिणेतल्या पक्षाला तमिळ मतदाराने असा कौल दिल्याचे उदाहरण नव्हते. १९८७ चा करार, उत्तर-पूर्वेचे एकत्रीकरण आणि त्सुनामीची संयुक्त यंत्रणा या तिन्हींना मोडता घालणारा पक्ष आता सही करणाऱ्याच्या जागी आला आहे. २०१५ ला सुरू झालेले घटनेचे काम पुरे करण्याचे आश्वासन त्याच्या जाहीरनाम्यात आहे. दोन-तृतीयांश बहुमतावर तो ते संसदेत एकट्यानेही संमत करू शकतो. मात्र एकट्याने केलेला मजकूर पुढच्या निवडणुकीत समोरच्या पक्षाला आयता विषय देईल, आणि त्या विषयाचे काय करायचे असते हे कोलंबोत दोन्ही बाकांना १९५७ पासून पाठ आहे.